मस्टरबाहेरचे सर

वापी, ८ डिसेंबर १९९६

दादा,

पुन्हा तेच लिहिलंस! 'यंदा अनुदान नक्की येतंय.' गेल्या दिवाळीला हेच, त्याच्या आधीच्या भीमजयंतीला हेच. तुझ्या पत्रात तारीख तेवढी बदलते. वर मलाच सुनावतोस, आठवीत शाळा सोडणाऱ्याला शाळेतलं काय कळणार? न्हाई कळत. पण पाच वर्षं गणित-विज्ञान शिकवून घ्यायचं आणि पगाराच्या नावानं हात वर करायचे, याला काय म्हणतात ते कळायला बी.एड. करावं लागत न्हाई. काकासाहेबांनी हायस्कूल काढलं, आपणच चेअरमन झाले, आणि तुमी सगळे सर लोक त्यांच्या मळ्यावरचे गडी झालात. गड्याला निदान ज्वारी तरी देतात.

इथं गेल्या आठवड्यात काय झालं ऐक. आमच्या डाईंगमध्ये कापड रंगवायचं जेट मशीन असतं. प्रेशर उतरायच्या आधीच कोणीतरी झाकण उघडलं. रामअवतार म्हणून बिहारकडचा माणूस, तो उकळत्या पाण्यानं छातीपासून खाली सोलून निघाला. निळा रंग चालू होता. त्याला उचलायला गेलो तर निळी कातडी माझ्या हातात आली. आणि सुपरवायझर काय म्हणतो? "पहले कपड़ा निकालो, लॉट खराब हो जाएगा." माझ्या हातात पाना होता. तो मी त्याच्या तोंडावर मारला. दोन दात पायाशी पडले. मी म्हटलं आता नोकरी गेली. तर ठेकेदार हसला, म्हणाला, असा माणूस कामाला येतो, आणि माझा रोज वाढवून मला बॉयलरवर टाकलं.

असं असतंय बघ. मारलं की माणसं जागेवर येतात. तू पाच वर्षं हात जोडतोस, तुला काय मिळालं?

वापीला ये. इथं शिकलेल्या माणसाला टाईमकीपर करतात, सावलीत खुर्ची असते. एवढं तरी ऐक. आबांवर भरलेली ट्रॉली उलटली तेव्हा आपण दोघंही तिथं होतो. उसाच्या ढिगातून त्यांचा नुसता हात बाहेर दिसत होता. त्याच्या आदल्या वर्षीच त्यांनी आपल्या दोघांकडून कबूल करून घेतलं होतं ना, की भीक मागू पण उसाच्या फडात पाय ठेवणार न्हाई म्हणून? मी माझ्या बाजूनं ते पाळलं, इतक्या लांब आलो. तू त्या शाळेत आणखी किती वर्षं उपाशी बसणार?

आणि तो राजूरकडचा सर अजून आपल्याकडंच जेवतो का? आई सारखी लिहायला लावते, 'लई गुणाचा हाय.' मी घर सोडलं आणि माझं ताट त्याला लागलं, असंच ना?

भारतीला म्हणावं, दहावीचं वर्ष हाय, चुलीपाशी कमी बस.

चेतन

---

चिंचमळा, ता. राहुरी, २२ डिसेंबर १९९६

चि. चेतन,

जय भीम. तुझं पत्र आईला वाचून दाखवताना पान्याचा भाग गाळला. ती म्हणाली, "मधीच का थांबला रं?" म्हटलं, शाई पसरलीय. माणसाचे दात पाडून तू मला शहाणपण शिकवतोस. तिथं समोर सुपरवायझर होता म्हणून तुला बरोबर वाटलं. उद्या तुझ्यासमोर कोण असेल, हे तुला तरी माहीत आहे का?

आता शाळेचं शेवटचं समजावून सांगतो. आपली शाळा विनाअनुदान मंजूर झाली. म्हणजे सरकार म्हणालं, आधी शाळा चालवून दाखवा, मग पगाराचं बघू. ती मुदत आता भरली. ६ फेब्रुवारीला नगरहून तपासणी पथक येणार आहे. ते खोल्या बघतील, पोरं मोजतील आणि मंजूर जागेवरच्या एकेका शिक्षकाला नावानं हाक मारून उभं करतील. माझी जागा राखीव आहे. ती रिकामी दिसली तर एकट्या माझंच नाही, सगळ्यांचं अनुदान अडेल. या घडीला सोडून वापीला आलो तर माझी पाच वर्षं मातीत, आणि पुढं दुसराच कोणीतरी त्यावर बसून पगार उचलेल. तेवढं मला करायचं नाही.

कानिफनाथ भांगरे तुझ्या ताटात जेवत नाही. आईनं त्याला वेगळी पितळी घेतली आहे. त्याचं घर राजूरच्याही वर, डोंगरात. बी.एस्सी. बी.एड. आहे, पण अवस्था माझ्याहून वाईट. मी मस्टरवर रोज सही तरी करतो. त्याचं नाव मस्टरवरच नाही. 'अनुदान आलं की वाढीव तुकडी मिळेल, मग तुझं नाव लावू,' या काकासाहेबांच्या एका वाक्यावर तो तीन वर्षं शिकवतोय. तू घरी असताना तो नव्हता, म्हणून तुला तो परका वाटतो. एकदा भेटलास की कळेल.

मी बरा आहे. तास घेतो, संध्याकाळी वह्या तपासतो. काळजी नसावी.

तुझा,
प्रशांत

---

चिंचमळा, ९ जानेवारी १९९७

प्रिय भाऊ,

सप्रेम जय भीम. हे पत्र दादाला न सांगता लिहिते आहे, तूही कळू देऊ नकोस.

दादानं तुला लिहिलं का माहीत नाही. नाताळच्या सुट्टीनंतर शाळा भरली त्या दिवशी प्रार्थनेला काकासाहेब आले होते. दादा रांगेतून पुढे गेला आणि म्हणाला, "काकासाहेब, तपासणीच्या आत नेमणुकीची ऑर्डर लेखी हातात द्या. पाच वर्षं झाली, आमच्याकडं एक चिठोरं नाही." काकासाहेब म्हणाले, "मस्टर माझं, शाळा माझी, तुला कागद कशाला पाहिजे?" दादा म्हणाला, "उद्या कुणी विचारलं तर काय दाखवू?" तेव्हा त्यांनी सगळ्या शाळेसमोर दादाच्या थोबाडीत मारली. चष्मा खाली पडला. दादा उचलायला वाकला तर त्यांनी त्याच्यावर बूट ठेवून दाबला. म्हणाले, "तुझ्यासारखे पन्नास बी.एड. माझ्या दारात बसलेत!" एकही सर पुढे आले नाहीत. मुख्याध्यापक सहादेव सर म्हणाले, "राष्ट्रगीत सुरू करा." आम्ही म्हटलं. दादापण म्हणत होता.

दुसरं म्हणजे, दिवाळीपासून दादा शाळेत आठवड्यातून एखाददुसऱ्या दिवशीच दिसतो. सकाळी डबा घेऊन सायकलवर जातो, दिवस मावळताना येतो. कपडे मातीनं भरलेले असतात. हातांवर, मानेवर ओरखडे असतात, काही वेळा रक्त येतं. विचारलं तर म्हणतो, सायकलवरून पडलो. रोज कोण पडतं, भाऊ?

आमचं गणित, विज्ञान आता भांगरे सरच घेतात. दादाच्याच खुर्चीत बसतात. अमृत शिपाई मला चिडवत होता, "तुज्या दादाची खुर्ची गेली बघ भांगरे सरास्नी!" सर चांगलं शिकवतात. मला प्रमेय येत नव्हतं ते त्यांनी आपल्या ओट्यावर कोळशानं काढून समजावलं. पण दादाचं काय झालं ते त्यांना विचारलं की खाली बघतात.

मला भीती वाटते. तू रागावू नकोस. नुसतं दादाला पत्र लिहून विचार.

तुझी बहीण,
भारती

---

वापी, १८ जानेवारी १९९७

दादा,

मला सगळं कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नको. तुझ्या तोंडात मारली, चष्मा बुटाखाली चिरडला आणि तू राष्ट्रगीत म्हणालास. मला त्याची एक ओळ न्हाई. आणि त्याच्या आधी लिहितोस, 'मी बरा आहे, वह्या तपासतो.' कसल्या वह्या रे? तुझ्या अंगावरचे ओरखडे कसले हायत? कोण मारतं तुला रोज? त्याचे गडी मारतात का? का बांधाला उभा करून काम करून घेतात?

आणि तो भांगरे. माझ्या लक्षात आला बरोबर. तू म्हणालास त्याचं नाव मस्टरवर न्हाई. मग नाव लावायला जागा नको का? कोणाची तरी रिकामी करायला पाहिजे. तुझी करतायत. तू मार खाऊन घरी बसलास की तपासणीला हा तुझ्या खुर्चीत बसणार, आणि पाच वर्षांची तुझी मेहनत त्याच्या नावावर चढणार. काकासाहेबानं त्याच्याकडून पैसे घेतले असतील. आणि हे सगळं करून संध्याकाळी आपल्या आईच्या हातची भाकरी खायला येतो! लाज कुठं ठेवतो असला माणूस?

माझ्या डोक्यात दिवसभर तेच. काल बॉयलरची राख ओढताना दांडा माझ्याच पायावर मारून घेतला, अंगठ्याचं नख निघालं, तेव्हा जरा बरं वाटलं.

मी येतोय. सुट्टी दिली तर सुट्टीनं, न्हाई तर तसाच. काकासाहेबाचं नंतर बघू, त्याच्याभोवती माणसं असतात. पण जो आपल्या घरात बसून खातो त्याला मी सोडत न्हाई. ज्या हातानं आईच्या भाकरीचा तुकडा मोडला तो हात पुन्हा खडू धरणार न्हाई, एवढं लिहून ठेव.

चेतन

---

चिंचमळा, २५ जानेवारी १९९७

चेतन,

येऊ नकोस. तुझ्या पाया पडतो म्हणायचं राहिलं, तेही म्हणतो.

कानिफनाथ माझे तास घेतो कारण मीच त्याला ते घ्यायला सांगितलं. स्वतःचे तास करून वर माझे करतो, एका शब्दानं बोलत नाही. मला कोणी मारत नाही. काकासाहेबांनी एकदा मारलं ते खरं. बाकी ओरखड्यांचं कारण वेगळं आहे. ते मी तुला पत्रात लिहू शकत नाही. तू समोर असतास तरी सांगताना माझी मान खाली गेली असती. तपासणी होऊन जाऊ दे, मीच वापीला येतो आणि तुझ्या खोलीत बसून सांगतो. मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

पथक ६ तारखेला आहे. त्या दिवशी मी शाळेत उभा असेन, माझ्या नावाला मीच हजर म्हणेन. एवढे दिवस दम धरलाय, आणखी थोडे जाऊ देत. कानिफबद्दल एक वाकडा शब्द बोलू नकोस.

प्रशांत

---

चिंचमळा, १७ फेब्रुवारी १९९७

चेतन,

तू आलास आणि आईला तोंडही न दाखवता, आलेल्या रस्त्यानं पळालास. मी तिथं नव्हतो. पुढं लिहितोय ते भारतीनं आणि अमृत शिपायानं सांगितलेलं आहे. तू होतास, तरी तुला सांगावं लागणार. तू काय केलंस ते तुला अजून माहीत नाही.

पथक तीन दिवस आधी आलं, सोमवारीच, न कळवता. सहादेव सरांनी मला बोलवायला माणूस पाठवला, पण मी होतो तिथून यायला दुपार झाली असती. राखीव जागा रिकामी दिसणार म्हणून काकासाहेबांनी कानिफला कॉलर धरून मस्टरपाशी नेलं. "आज तू प्रशांत. कर सही." तो म्हणाला, "काकासाहेब, थोडं थांबा, तो येईल." "साहेब काय तुझ्या बापाची वाट बघत बसणारेत? त्याची नोकरी वाचवायचीय का नाही?" हे म्हटल्यावर त्यानं सही केली. माझ्यासाठी केली.

मग दहावीच्या वर्गात साहेबांनी नाव पुकारलं, "भिंगारदिवे प्रशांत कोंडीराम?" कानिफ म्हणाला, "हजर, सर." आणि नेमका तेव्हा तू एस.टी.तून उतरून, पिशवी खांद्याला तशीच, दारात उभा होतास.

तू म्हणालास, "काय नाव म्हणला? परत म्हण."

तुटक्या बाकाची फळी भिंतीला टेकलेली होती. पहिला फटका पाठीत घातलास. "नाव सांग!" तो म्हणाला, "प्रशांत." दुसरा तोंडावर. "नाव सांग तुझं!" तोंडातलं रक्त गिळून तो म्हणाला, "प्रशांत भिंगारदिवे." तेव्हा तू त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरलास आणि फळीची कड मनगटावर मारत राहिलास. हाड बाहेर आलं. सगळ्या पोरांनी ते पाहिलं. भारती तुझ्या पायाला मिठी मारून ओरडत होती, "भाऊ, सोड, आपले सर आहेत ते!" तू तिला लाथ मारलीस. तिच्या ओठाला टाके पडलेत.

माझं नाव कानिफ आहे, एवढं तो म्हणाला असता तर तू थांबला असतास, आणि हे त्याला कळत होतं. आई सांगायची तुझ्याबद्दल, घरात तुझा फोटो आहे, तू दारात दिसताच त्यानं तुला ओळखलं. पण साहेब दोन हातांवर उभे होते. खरं नाव सांगितलं की शाळा बुडते, म्हणून तो माझंच नाव सांगत राहिला, आणि तू त्या नावासाठीच मारत राहिलास.

शेवटी तूच साहेबांकडं वळून ओरडलास, "प्रशांत माझा सख्खा भाऊ हाय! हा भामटा हाय, भामटा!" साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि विचारलं, "मग खरे प्रशांत कुठे आहेत?"

खरा प्रशांत वांबोरीच्या पुढं उसाच्या फडात होता. दिवाळीपासून मी कारखान्याचा स्लिपबॉय आहे. तोड चालू असते तिथं उभं राहून गाड्यांना चिठ्ठ्या लिहून द्यायच्या. अंगावरचे ओरखडे पाचटाचे होते. भारतीला पुढं शिकवायचं आहे, घर तुझ्या एकट्याच्या जिवावर किती दिवस ओढायचं, म्हणून गेलो. आबांना दिलेला शब्द मोडला होता, तो कुठल्या तोंडानं तुला लिहिणार? तुझ्यापासून ते लपवलं, एवढाच माझा दोष. बाकीचा तुझा.

पथकानं 'तोतया शिक्षक उभा केला' असा शेरा मारला. अनुदान नामंजूर झालं, आता पुन्हा प्रस्ताव कधी जाईल ते कोणालाच माहीत नाही. सहादेव सर पुढच्या वर्षी रिटायर होतील, एका महिन्याचाही पगार न बघता. काकासाहेबांनी मला त्याच संध्याकाळी काढलं. बाकीचे सर लोक रस्त्यात दिसले की थुंकतात. ते मला बरोबरच वाटतं. त्यांचीही पाच वर्षं होती.

कानिफ नगरच्या सिव्हिलमध्ये आहे. मनगटात सळई घातली, बोटं मिटत नाहीत. पोलिसांनी विचारलं तर म्हणाला, मारणाऱ्याला ओळखत नाही. तुझ्यावर माया म्हणून नाही. केस झाली तर तो दुसऱ्याच्या नावानं सही करून का उभा होता, हेही लिहिलं जाईल, आणि मग त्याला कुठलीच शाळा दारात उभं करणार नाही.

आईला लिहायचं तर भारतीच्या नावे लिही. माझ्या नावे काही पाठवू नकोस.

प्रशांत

---

चिंचमळा, ४ मार्च १९९७

चेतन भिंगारदिवे यांस,

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर लावून वाचावे लागेल.

तू मला लिहिलेले नाहीस. लिहिणारही नाहीस असे तुझ्या आईने सांगितले, म्हणून मी लिहितो. मला क्षमा मागणारे पत्र नको आहे. तुझ्या वतीने आई क्षमा रोज मागते. मी अजून तुमच्याच घरी जेवतो. आता ती घास मोडून पुढे ठेवते, कारण डाव्या हाताने भाकरी मोडत नाही. तिला माझ्याकडे बघवत नाही आणि मला जेववत नाही. रोज हेच.

काकासाहेबांच्या दारात पन्नास बी.एड. आहेत हे खरे निघाले. प्रशांत गेला, मी गेलो, लगेच दोन नवे सर आले, बिनपगारीच. एक मराठीचा, एक इतिहासाचा. गणिताचा पन्नासात एकही नाही. ज्याला गणित येते तो शहरात शिकवणीचे वर्ग काढतो, इकडे कोण येणार? दहावीची परीक्षा तोंडावर आहे. म्हणून मी आणि प्रशांत विहारात सकाळी वर्ग घेतो. तो फडावर जायच्या आधी तासभर शिकवतो. नंतर मी तोंडाने सांगतो आणि भारती फळ्यावर लिहिते. तिचा ओठ अजून नीट जुळला नाही, ती वाचताना अडते. पोरे हसत नाहीत.

डॉक्टर म्हणतात, हात एवढाच राहील. खडू धरता येणार नाही. फळ्यावर लिहू न शकणाऱ्या गणिताच्या मास्तराला नोकरी कोण देईल, तूच सांग.

आता कामाचे. तीन वर्षे मी त्या शाळेत शिकवले. तुझा पगार किती असावा, असे मला एकानेही विचारले नाही. माझे नाव कुठल्याच मस्टरवर नव्हते. एकदाच माझी सही घेतली गेली, ती तुझ्या भावाच्या नावाची, आणि तिचा दाम तू फळीने मोजलास. मला आता पगार हवा आहे. सरकार देणार नाही, काकासाहेब देणार नाहीत. तू दे. दर महिन्याला, मी शिकवतो आहे तोवर. मदत म्हणून पाठवलेस तर परत करीन. पगार म्हणून पाठव. किती ते मी सांगणार नाही. आकडा तू टाक.

कानिफनाथ भांगरे

---

वापी, १४ मार्च १९९७

भांगरे सर,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर बघून वाटलं, कुठल्या बारक्या पोरानं लिहिलंय. आत वाचलं तेव्हा कळलं. मग ते पत्र घडी करून खिशात टाकलं आणि पाळी संपेपर्यंत काढलं न्हाई.

दादाचं जानेवारीतलं पत्र निघायच्या आधी मला मिळालं होतं. त्यात सरळ लिहिलं होतं, कानिफ तास घेतो कारण मी सांगितलं. मी ते वाचलं आणि ठरवलं की मार खाऊन लिहिलंय. इथं ठेकेदार दाबून ज्याच्या त्याच्याकडून असलंच लिहून घेतात, 'मला काही तक्रार न्हाई.' त्याच डोळ्यानं मी दादाचं पत्र वाचलं. दुसरं काही सांगण्यासारखं माझ्याकडं न्हाई.

खोटं लिहीत न्हाई सर, मला अजून तुमचा राग येतो. एक शब्द कानात बोलायचा होता. तुमी मला ओळखलंत तर चेतन म्हणून हाक मारायची होती. मारत होतो तेव्हा तुमी नुसतं बघत होता माझ्याकडं. बॉयलरच्या आवाजात दिवसभर तुमचाच आवाज येतो, प्रशांत, प्रशांत. बाजूचा माणूस विचारतो, किसको ढूंढता है? त्याला काय सांगू?

पोलिसांत नाव दिलं असतं तर बरं झालं असतं. आत गेलो असतो, मार खाल्ला असता, आणि बाहेर येऊन म्हटलं असतं, फिटलं. तुमी ती वाट ठेवली न्हाई. पगार मागितलात. हे मला आधी कळलंच न्हाई, मी शिव्या दिल्या तुमाला, खोलीतल्या पोरांसमोर. म्हटलं, हात मोडल्याचे कोणी महिन्या-महिन्याला मागतं का? आयुष्यभर पाठवत बसू का? मग रात्रपाळीला जाताना समजलं की तुमी तेच म्हणताय.

गणिताच्या सराचा सरकारी पगार किती, ते मी इथल्या हिशेबनीसाला विचारलं. तो हसला, म्हणाला, तेरे को मास्टर बनना है? त्यानं आकडा सांगितला, तो माझ्या पगाराच्या दुपटीच्या वर हाय. माझ्यासारखी दोन माणसं वाफेत उभी राहिली तर एक सर उभा राहतो, असा तो हिशेब. मी एकटाच हाय, म्हणून डबल पाळी मागायला ठेकेदाराकडं गेलो. त्याच्या माणसाशी तिथं वाजलं. त्यानं कमरेचा पट्टा काढून मला मारला, बकलाच्या बाजूनं. कानामागं फाटलंय. मी हात खिशात घालून उभा राहिलो. चांगुलपणा आला असं समजू नका. बोटं मोडली असती तर पाळी गेली असती, एवढंच डोक्यात होतं. तो मारून दमल्यावर ठेकेदारानं पाळी दिली.

तिचे पैसे पुढच्या महिन्यापासून हातात येतील, तेव्हा आकडा वाढेल. तोवर खोलीचं आणि डब्याचं कापून जे उरलं ते सगळं. घरी या महिन्यात काही पाठवत न्हाई, भारतीला सांगा. तिच्या ओठाचं मी तिला लिहीन, अजून जमत न्हाई. दादाला माझं नाव काढू नका.

पोष्टात गेलो तेव्हा मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायला जागा असते, तिथं काय लिहायचं ते बराच वेळ कळेना. मागची माणसं ढकलायला लागली. एकाला मी कोपरानं मागं सारला, तो पडला. त्याला उठवला. मग लिहिलं.

भांगरे सर, पगार, फेब्रुवारी महिना. रुपये एक हजार तीनशे चाळीस.